रेडिएशनची भीती आणि कपाटातला बॅज

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (एक्स-रेत बघत, बारीक नळ्या घालून आतून उपचार) शिकणारे डॉक्टर माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा झोप, ताण, सीनियर असं कशावरून तरी बोलणं सुरू होतं. मूळ प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतो: ‘इतकी वर्षं एक्स-रेजवळ उभं राहिल्यावर आम्हाला मूलबाळ होईल ना? झालं तर धडधाकट असेल ना?’ मुली थेट विचारतात, मुलगे मित्राचं नाव पुढे करतात.

केतकी (नाव बदललं आहे) पहिल्याच भेटीत यावर आली. एम.डी. रेडिओलॉजी झाली, लग्न झालं आणि लगेच डी.एम.ला, म्हणजे या विषयाच्या पुढच्या पदवीला, नंबर लागला. रेडिओलॉजी म्हणजे एसीत बसून सोनोग्राफी, अशी माहेरची समजूत. आणि ही रेडिएशन अडवणारा पाच-सहा किलोचा शिशाचा एप्रन चढवून तास न् तास कॅथलॅबमध्ये, म्हणजे या उपचारांच्या एक्स-रे खोलीत, उभी! मांडीतल्या नाहीतर मनगटातल्या धमनीतून बारीक नळी सरकवत यकृतातल्या गाठीपर्यंत पोचायचं, तेही स्क्रीनवर एक्स-रेत बघत. वडिलांनी विचारलं होतं, ‘मग तू सर्जन की फोटोवाली?’ तिनं त्यांना १९६४ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत पोर्टलंडला ८२ वर्षांच्या एका बाईंनी पाय कापून घ्यायला साफ नकार दिला होता. चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टनं त्यांची मांडीतली अरुंद झालेली धमनी आतून नळ्या घालून रुंद केली. पाय वाचला.

वडिलांना पटलं, सासूबाईंना नाही. त्या स्वतः निवृत्त सिस्टर. ‘एक्स-रेवाल्यांना मुलीच होतात’ हे त्यांनी ड्यूटीवर वर्षानुवर्षं ऐकलेलं. (ही दंतकथा बऱ्याच हॉस्पिटलांत फिरते. मुलगी होणं हा अपाय कधीपासून झाला, ते कुणी सांगत नाही.)

मी डॉक्टर नाही. ‘घाबरू नकोस, काही होत नाही’ म्हणायचा मला अधिकार नाही, आणि असल्या धीराचा उपयोगही होत नाही. मी विचारलं, ‘तुझ्या बॅजचं मागच्या तिमाहीचं रीडिंग किती आलं?’

टी.एल.डी. बॅज एप्रनच्या आत छातीवर लावायचा असतो. अंगावर किती रेडिएशन पडलं ते त्यात नोंदलं जातं आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. केतकीनं उगाच पर्स चाचपली. मग खाली बघत म्हणाली, ‘रूमवर आहे. कपाटात.’

पहिल्याच आठवड्यात सीनियरनं कानात सांगितलं होतं: रीडिंग जास्त आलं की विचारणा होते, मग केसेस कमी मिळतात, लॉगबुक रिकामं राहतं. मला याचं नवल वाटलं नाही. शिकणाऱ्याला भूक केसची असते. पण जो प्रश्न तिला झोपू देत नव्हता, त्याचं उत्तर देऊ शकणारी वस्तू तिनंच कपाटात ठेवली होती.

मी तिला रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे पाठवलं. तिनं वहीत उतरवून आणलं: ए.ई.आर.बी.ची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. गरोदरपण कळवलं की उरलेल्या महिन्यांत पोटातल्या बाळासाठी १, आणि पोटावर दुसरा बॅज. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतंच. डी.एस.ए.चा रन, म्हणजे धमन्यांची सलग एक्स-रे चित्रं, घेताना टेबलाला चिकटून राहायचं नाही. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण चौथाईवर येते. छताला टांगलेली काचेची ढाल पुढे ओढायची, एक्स-रेचं पेडल गरजेपुरतंच दाबायचं.

यातलं बहुतेक तिनं परीक्षेत लिहिलेलं होतं. अडत होतं ते बोलणं. ‘एवढी भीती तर या ब्रँचला आलीस कशाला’ हे ऐकावं लागेल, ही धास्ती. पुढच्या भेटी त्यावरच गेल्या. सराव म्हणून मी तिचे सर झाले, ती केतकीच राहिली. सुरुवातीला म्हणाली, ‘सर, म्हणजे तुमची हरकत नसेल तर, मी जरा...’ मी म्हटलं, हातमोजे घालायला तू परवानगी मागतेस का? हळूहळू वाक्य आखूड झालं: ‘सर, ढाल पुढे घेते, मग रन करू.’

प्रत्यक्षात सर काहीच बोलले नाहीत. टोमणा मारला तो सीनियरनं, ‘मॅडमना व्हीआयपी काच लागते हं.’ तो टोमणा तिला आठवडाभर पुरला. पण बॅज रोज लावला. तिमाहीचं रीडिंग आलं ०.२ मिलिसिव्हर्ट. तिनं रिपोर्ट सासूबाईंपुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला, तारखेसकट.

‘हे ठीक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण कुणाचा बाळंतपणातला रक्तस्राव थांबत नाही म्हणून नळी घालून तो थांबवायला तुला रात्री दोनला बोलावतात. उद्या घरात बाळ असलं तर तेव्हा त्याला कोण बघणार?’

केतकी हा प्रश्न घेऊन आली तेव्हा चिडलेली होती. मला तो रास्त वाटला. पुढच्या भेटीला मी तिच्या नवऱ्याला बोलावलं आहे. आजवर त्याला हे कुणी विचारलेलंच नाही.