हेवी मेटल ऐकताना नुसता गोंगाट वाटतो. तुम्हाला ते पहिल्यांदा कसं आवडलं, आणि मी पुढे काय ऐकू?

तुम्ही लिहिलंय की मेटॅलिका बँडची दोन-तीन गाणी आवडली, मग मित्राने डेथ मेटलची, म्हणजे मेटलच्या ओरडून गायच्या कर्कश प्रकाराची, प्लेलिस्ट पाठवली आणि डोकं उठलं. वर घरच्यांनी 'हे सैतानी संगीत' असा शेराही मारला. मित्राने घाई केली, एवढंच म्हणेन. त्या प्लेलिस्टपर्यंत पोचायला बहुतेकांना काही वर्षं लागतात, आणि कित्येक जण तिथे कधीच जात नाहीत. त्यांचं काही बिघडत नाही.

मी मिरजेचा. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या दुकानांवरून शाळेत जायचो. जवारी काढणं म्हणजे काय, हे गाणं शिकायच्या आधी बघून माहीत झालं होतं: घोडीचा वरचा भाग कानसेने अगदी थोडा थोडा घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायचा. तार घोडीला निसटता स्पर्श करत थरथरली की एका स्वरातून वरचे कितीतरी स्वर झंकारायला लागतात. हे सांगतोय कारण गिटारच्या डिस्टॉर्शनशी याचं अगदी जवळचं नातं आहे. अँप्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटण्यातून मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. लाकूड आणि हाड घासून आमच्याकडे जे मिळवतात, ते तिकडे अँप्लिफायरमधले व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) तापवून मिळवलं. तुम्हाला जो 'घर्रर्र' ऐकू येतो तो हा स्वरांचा झुबका आहे.

आता यात गंमत अशी की डिस्टॉर्शन लावून तीन-चार स्वर एकत्र, म्हणजे भरलेला कॉर्ड वाजवला तर चिखल होतो. प्रत्येक स्वराचे वरचे स्वर एकमेकांवर आदळतात. म्हणून मेटलमधला गिटारवाला बहुतेक वेळ फक्त दोन स्वर वाजवतो: षड्ज आणि पंचम. गंधार गाळलेला. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला सा-प परका कसा असेल? शिवाय हे दोन स्वर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्येतल्या फरकामुळे एक सप्तक खालचा सा आपोआप उमटतो. वाजतात दोन, आणि खर्जात तिसरा घुमतो. हेवी मेटल 'हेवी' वाटतं त्याचं निम्मं कारण हेच आहे.

सा-प नंतर मेटलमधला दुसरा महत्त्वाचा स्वर तीव्र मध्यम. घरात पेटी असेल तर हे करून बघा. सा वाजवा, मग वरचा सा, मग खाली येऊन तीव्र मध्यम, आणि तिथेच थांबून तो हलवत ठेवा. सगळं अतिशय सावकाश. ब्लॅक सबाथ या ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं याच तीन स्वरांवर उभं आहे. यमनमध्येही हाच मध्यम असतो, पण तिथे तो पंचमाकडे झुकतो आणि जीव भांड्यात पडतो. इथे त्याला पंचमावर जाऊच देत नाहीत. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, या दिवशी तो अल्बम बाहेर आला. सगळा एका दिवसात रेकॉर्ड केलेला. हेवी मेटलची सुरुवात कुठून धरायची यावर लोक अजून भांडतात, माझं मत या तारखेला.

त्या बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटार विसर, असं सांगण्यात आलं. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत भाजल्यावर दोन बोटांवर सोलो वाजवणारा हा जॅझ गिटारिस्ट. मग आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामड्याचे तुकडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे १९७१च्या अल्बममध्ये तर काही गाण्यांसाठी गिटारच दीड स्वर खाली उतरवली. तारा सैल, आवाज आणखी जड. आज जगभरचे मेटल बँड गिटार खाली लावतात त्याचा उगम इथे आहे. बर्मिंगहॅमच्या लोखंडी आवाजांतून हे संगीत निघालं असं लोक फार काव्यात्म सांगतात. मला या बोटांचं कारण जास्त पटतं.

हे सगळं मला नंतर कळलं. ऐकायला लागलो ते पुण्यात, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. एका सीनिअरकडे भरून घेतलेल्या कॅसेटी असत, निळ्या पेनने नावं लिहिलेल्या. त्यातली आयर्न मेडन या बँडची एक कॅसेट वॉकमनसकट त्याने मला दिली, कारण त्याला झोपायचं होतं आणि मला झोप येत नव्हती. १९८४चा 'पॉवरस्लेव्ह'. पहिली काही गाणी माझ्याही डोक्यावरून गेली. शेवटचं गाणं मात्र कोलरिजच्या कवितेवरचं, अल्बाट्रॉस पक्षी मारणाऱ्या खलाशाचं, पावणेचौदा मिनिटांचं. मिरजेत बडे ख्याल ऐकत मोठं झालेल्याला पावणेचौदा मिनिटं म्हणजे फार नव्हेच. निम्म्याच्या अलीकडे सगळा वेग अचानक गळून पडतो. वारा पडलेल्या समुद्रात जहाज अडकलंय, लाकूड करकरतंय, मागे बास अगदी हळू, आणि कुणीतरी मूळ कवितेच्या ओळी वाचतंय. मग एकेक वाद्य परत येतं आणि लय चढत जाते. त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की सुरुवातीचा तो वेग कुठेतरी नेण्यासाठी होता. गाण्याला बढत आहे! कॅसेट उलटी फिरवायला पेन्सिल शोधली, कारण सेल वाचवायचे होते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, तुम्हालाही सुचवतो. एकच गाणं परत परत ऐका, आणि दर वेळी एकाच वाद्याच्या मागे जा. आधी ड्रम. मग बास, मेडनमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो, स्टीव्ह हॅरिस बोटांनी वाजवतो आणि घोडदौडीसारखी ती लय बरेचदा तोच ओढून नेतो. मग दोन्ही गिटार वेगवेगळ्या. उजव्या तळहाताची कड तारांवर हलकीच टेकवून वाजवलं की स्वर दबून 'छग-छग' असा येतो, तो ओळखू यायला लागला की रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, कानात बसतो. आवाज मोठा करायची अजिबात गरज नाही. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका; खालचे स्वर जातात आणि उरतो तो खरोखरच गोंगाट.

काय ऐकू, तर सबाथचे पहिले दोन अल्बम, दोन्ही १९७०चे. मग जुडास प्रीस्ट, तेही बर्मिंगहॅमकडचेच. दोन गिटारींचा संवाद त्यांच्यापासून नीट सुरू झाला. मग मेडनचे १९८२ ते १९८४चे तीन. मेटॅलिका तुम्हाला आवडलंच आहे, तर १९९१चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम बाजूला ठेवून मागे १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'कडे जा. डेथ मेटलची घाई नको. पुढे कधी वाटलंच तर फ्लोरिडाच्या 'डेथ' नावाच्याच बँडचे नव्वदच्या दशकातले अल्बम घ्या, त्यात गिटार इतकी स्वच्छ आहे की ओरडणं कानाआड करता येतं. ते ओरडणं म्हणजे घसा फाडणं नव्हे, हे जाता जाता सांगतो. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, सरावलेले गायक त्या थरथरवतात. आपल्याकडचं हवं असेल तर मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा २०१७चा 'दशावतार' ऐका, एकेका अवतारावर एकेक गाणं. घरच्यांना दाखवायलाही बरा, निदान मुखपृष्ठापुरता.

घरच्यांचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. नॉर्वेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल या मेटलच्याच एका प्रकारातल्या काही वादकांनी खरोखर चर्च जाळली, आणि त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याचा खून केला. ते लपवण्यात अर्थ नाही, आणि त्यातलं काही बंडखोरी म्हणून मिरवावं असंही नाही. पण तर्जनी-करंगळी वर करून करतात ती शिंगांची खूण जिच्यामुळे घरचे सगळ्यात जास्त घाबरतात, ती मेटल गायक रॉनी जेम्स डिओने रूढ केली. तो सांगायचा, इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून ही खूण करायची. आईला एवढं सांगून बघा. माझ्या आईचा विरोध तिथेच निम्म्यावर आला. उरलेला निम्मा लांब केसांना होता.

आणि एकदा तरी प्रत्यक्ष ऐका. १ फेब्रुवारी २००८ला मेडन मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले. त्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवातच तिथून झाली, आणि दौऱ्याचं बोइंग ७५७ चालवायला गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. आम्ही पुण्याहून गेलो होतो. 'फिअर ऑफ द डार्क'ला मैदानभर लोक शब्दांच्या आधी गिटारची धून गात होते, नुसतं 'ओ-ओ' करत, सुरात. रिफ पाठ असणं म्हणजे काय ते तिथे कळतं. मुंबई, पुणे, बंगळुरूत लहान ठिकाणी अधूनमधून कार्यक्रम होत असतात. जाताना फोमचे इअरप्लग न्या, मेडिकलच्या दुकानात मिळतात. फार मोठ्या आवाजात ते घालून शब्द कधीकधी उलट स्पष्ट ऐकू येतात. गर्दीत धक्काबुक्की दिसेल, पण कुणी पडला तर आजूबाजूचे आधी त्याला उचलतात. पहिल्या खेपेला साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा. तो स्वतःच्या कानाला नीट लागेल असाच आवाज लावतो, आणि धक्के तिथवर सहसा पोचत नाहीत.