वाचन सुरू होताच रेफरन्स व्होल्टेज का घसरते?

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी एमसीपी ३२०८ ही १२ बिटांची (४०९६ पायऱ्यांची) चिप असलेला एक तयार एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा, बोर्ड घेतला. त्यावर ४.०९६ व्होल्टचा रेफरन्स, म्हणजे मोजमापासाठी तुलनेचे स्थिर व्होल्टेज, एलएम ४०४० हा भाग देतो आणि त्याला जोडलेल्या रेझिस्टरवर १०३ असे छापलेले आहे. बोर्डाला संगणकाच्या यूएसबीतून ४.८५ व्होल्ट मिळतात. प्रोग्राम बंद असताना रेफरन्सच्या पिनवर मल्टीमीटर ४.०९ दाखवतो, पण सलग वाचन सुरू केले की तोच आकडा ३.८७ वर येतो. १.५२ व्होल्टच्या सेलसाठी १५२० ऐवजी १६०९ च्या आसपास आकडे मिळतात. एलएम ४०४० दोनदा बदलूनही फरक पडलेला नाही.
— एक विज्ञान शिक्षक, सांगली

उत्तर : आपण दोन्ही अवस्थांतील मोजमाप कळवले, त्यामुळे आमचे निम्मे काम झाले. एलएम ४०४० निर्दोष आहे. दोष त्या रेझिस्टरच्या किमतीत आहे. १०३ म्हणजे १० वर तीन शून्ये, अर्थात १० किलोओहम. एलएम ४०४० स्वतः व्होल्टेज पुरवत नाही. टाकीच्या ओव्हरफ्लोप्रमाणे तो जादा प्रवाह जमिनीकडे सोडून पातळी ४.०९६ वर राखतो आणि नळातून येणारे पाणी खर्चापेक्षा कमी पडले, की पातळी उतरणारच. येथे नळ म्हणजे तो रेझिस्टर. ४.८५ मधून ४.०९६ वजा करून १० किलोओहमने भागल्यास जेमतेम ७५ मायक्रोअँपिअर मिळतात, आणि साधारण तेवढे तर एलएम ४०४० ला स्वतःचे काम नीट करण्यासाठीच लागतात.

एमसीपी ३२०८ तिची निवड-पिन (चिपला वाचनासाठी जागे करणारी पिन) बंद असताना रेफरन्समधून जवळजवळ काहीच घेत नाही, म्हणून आपल्याला ४.०९ दिसले. सलग वाचनात मात्र ती सुमारे १०० मायक्रोअँपिअर ओढते. आपल्याच आकड्यांवरून पडताळा घ्या : ३.८७ व्होल्ट असताना रेझिस्टरमधून ९८ मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे सगळा प्रवाह चिपच घेते आणि एलएम ४०४० कडे काहीच उरत नाही. रेफरन्स घटला की मोजलेला आकडा वाढतो, कारण भागाकारात तो खाली असतो, १.५२ ला ३.८७ ने भागून ४०९६ (१२ बिटांच्या पायऱ्या) ने गुणले की १६०९ च येतात.

रेझिस्टर काढून तेथे १ किलोओहमचा डाखावा. मग सुमारे ७५० मायक्रोअँपिअर उपलब्ध होतील, आणि यूएसबीचे व्होल्टेज ४.५ पर्यंत उतरले तरी ४०० उरतील. एलएम ४०४० १५ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सोसतो, त्यामुळे तापण्याची चिंता नको. रेफरन्सच्या पिनला अगदी लागून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास वाचनाच्या क्षणी बसणारे झटकेही शमतील. एलएम ४०४० ला असा कपॅसिटर चालतो. टीएल ४३१ हा दुसरा रेफरन्स मात्र काही विशिष्ट किमतींच्या कपॅसिटरने डोलू लागतो आणि त्याला किमान १ मिलिअँपिअर लागतो, म्हणून दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून तो हाती ठेवला तरी घेऊ नका.

एवढ्यानेही व्होल्टेज सुधारले नाही, तर चिपची रेफरन्स पिन सोडवून पुन्हा मोजा. तरीही कमीच भरले, तर गळका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शोधा. ०.७ च्या आसपास आकडा दिसला, तर एलएम ४०४० उलटा बसला आहे असे समजा.

प्रश्न : आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या एरेफ (बाहेरून रेफरन्स देण्याच्या) पिनला मी ५ किलोओहममधून २.५ व्होल्ट दिले, पण पिनवर २.१६ च दिसतात.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : त्या पिनच्या आत सुमारे ३२ किलोओहमचा रोध आहे. २.५ ला ३२ ने गुणून ३७ ने भागा, २.१६ च येतील. हा रोध प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, म्हणून व्होल्टेज काढण्याच्या सूत्रात रेफरन्स म्हणून पिनवर प्रत्यक्ष मोजलेला आकडाच घाला. रेझिस्टर काढून थेट जोडणी करायची असेल, तर प्रोग्राममध्ये आधी बाह्य रेफरन्स निवडा आणि मगच पहिले वाचन घ्या. एरवी आतील ५ व्होल्ट आणि तुमचे २.५ व्होल्ट एकमेकांवर येऊन चिप जळू शकते.