गणित येते, प्रश्नाची भाषा अडते

पुण्यात मराठी माध्यमात असताना गणितात पुढे असलेला आपला मुलगा जर्मनीतील स्टुटगार्टला आल्यावर दीड वर्षातच ‘मला गणित जमत नाही’ असे म्हणू लागला, म्हणून आपण त्याला रोज जादा उदाहरणे देता, असे आपण लिहिले आहे. ती जादा उदाहरणे तूर्त थांबवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याची वही एकदा शांतपणे पाहा. नुसत्या आकडेमोडीची उत्तरे बरोबर आणि शाब्दिक उदाहरणांची चुकलेली असतील, असा माझा अंदाज आहे. जर्मनमध्ये किंमत ‘उम २० युरो’ कमी झाली म्हणजे २० युरोंनी उतरली आणि ‘आउफ २० युरो’ कमी झाली म्हणजे २० युरोंवर आली. मराठीतला ‘नी’ आणि ‘वर’ यांतला हा फरक त्याला कोणी शिकवावा लागला नव्हता, पण जर्मनमध्ये तो निसटला की चूक गणिताच्या खात्यावर जमा होते. असे वारंवार घडले की ‘मला प्रश्न कळला नाही’ असे म्हणण्याऐवजी मूल ‘मी ढ आहे’ असे मानू लागते, आणि आपल्या पत्रातील हीच गोष्ट माझ्या मनाला सर्वांत अधिक लागली.

जर्मन शाळांत तोंडी सहभागही श्रेणीत धरला जातो. त्यामुळे उत्तर येत असूनही वाक्य चुकेल या भीतीने हात वर न करणाऱ्या मुलाचे दुहेरी नुकसान होते. मैदानावर तो भराभर जर्मन बोलतो, एवढ्यावरून निश्चिंत होऊ नका. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. त्यांच्या मते पहिली साधारण दोन वर्षांत येते, तर दुसरीत वर्गमित्रांची बरोबरी गाठायला पाच ते सात वर्षे लागतात.

रोज एकच उदाहरण घ्या. काय दिले आहे आणि काय विचारले आहे, ते त्याने आधी मराठीत सांगावे, मग सोडवावे, आणि शेवटी तेच उत्तर दोन जर्मन वाक्यांत मोठ्याने म्हणावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गात बोलायला त्याच्या ओठांवर काही तयार असेल. शब्दांचा अर्थ समजावून दिल्यावर चुकलेले उदाहरण त्याला पुन्हा सोडवू द्यावे, असे शिक्षकांना भेटून सांगा. घरातील मराठी मात्र बंद करू नका. सध्या तो निर्धास्तपणे विचार करू शकतो तो याच भाषेत.

जर्मनमध्ये २४ म्हणताना आधी चार येतात आणि मग वीस, अगदी आपल्या चोवीससारखे. इंग्रजीतून आकडे शिकलेली मुले इथे अडखळतात; आपल्या मुलाला ही वाट पाढ्यांपासून ओळखीची आहे, हे त्याला आज रात्रीच दाखवा.