वाचकांचे प्रश्न: अकाउंट्समधून वेब डेव्हलपमेंटकडे

प्रश्न : मी भोसरीतल्या एका वर्कशॉपचे अकाउंट्स बघतो. बी.कॉम., वय ३१. वेब डेव्हलपमेंटमध्ये जायचंय. क्लासवाले म्हणतात, तीन महिने पूर्णवेळ या, नोकरीची हमी. फी हप्त्यांनी. राजीनामा देऊ का?

उत्तर : देऊ नका. कोरी पाटी असेल तर तीन महिन्यांत नोकरीपुरती तयारी होत नाही. फीचा 'हप्ता' म्हणजे अनेकदा तुमच्या नावावरचं वित्तसंस्थेचं कर्ज असतं. क्लास आवडला नाही तरी ते फेडावंच लागतं. आणि 'हमी' करारात कुठे लिहिलीय ते शोधा. सहसा 'प्लेसमेंटसाठी साहाय्य' एवढंच सापडतं.

नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास दिलेत तर दहा-बारा महिने धरा. आधी दोन महिने एचटीएमएल-सीएसएस (पानाचा सांगाडा आणि सजावट), मग चार महिने निव्वळ जावास्क्रिप्ट (पानाकडून काम करून घेणारी भाषा). गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) पहिल्या महिन्यापासून. रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टमधल्या तयार कोडची लायब्ररी) त्यानंतरच, जावास्क्रिप्ट कच्चं असताना ते उघडलं की चूक भाषेतली की लायब्ररीतली, हेच उमगत नाही आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या शिकायच्या वेबसाइट्स फुकट आहेत. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला चालतो.

सरावाला 'टू-डू लिस्ट' नको, ती सगळ्यांनीच केलेली असते. जीएसटी बिलाचं पान करा. ग्राहकाच्या १५ वर्णांच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २७ असले तर महाराष्ट्र, म्हणजे १८ टक्क्यांच्या मालावर केंद्राचा सीजीएसटी ९ आणि राज्याचा एसजीएसटी ९. नाहीतर आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी १८. (पुरवठ्याचं ठिकाण वेगळं असलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. तोही पर्याय पानात घाला.)

इथे हमखास एक घोळ होतो. किमतीच्या चौकटीत १००० टाइप केलं की जावास्क्रिप्टला तो आकडा न मिळता मजकूर मिळतो, चौकटीचा प्रकार 'नंबर' ठेवला तरी. गुणाकार करताना ती त्याचा आपोआप आकडा करून घेते, म्हणून कर १८० बरोबर येतो. बेरजेला मात्र मजकुराला मजकूर जोडते आणि एकूण रक्कम १०००१८० दिसते. किंमत वाचल्या वाचल्या 'नंबर' फंक्शनमधून काढा. दुसरं, ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, कारण असे अपूर्णांक द्विमान पद्धतीत अचूक मावत नाहीत. म्हणून सगळा हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा, कर काढल्यावर राउंड करा आणि फक्त दाखवताना १०० ने भागा.

पान 'गिटहब पेजेस' या सेवेवर फुकट चढवता येतं. पण तो कोड जगाला दिसतो, तेव्हा मालकाची खरी बिलं किंवा ग्राहकांचे क्रमांक त्यात नकोत. एआयकडून चूक समजावून घ्या, अख्खं पान लिहून घेऊ नका; मुलाखतीत 'ही ओळ काढली तर काय होईल?' विचारलं की लगेच उघडं पडतं.

हिंजवडी-खराडीतल्या मोठ्या कंपन्या नवखी मुलं बहुतेक कॉलेजांतूनच घेतात. तुम्ही बिलिंग किंवा ईआरपी (हिशेब, साठा, खरेदी एकत्र सांभाळणारं) सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे आधी अर्ज करा. डेबिट नोट म्हणजे काय, हे तिथे तुम्हाला शिकवावं लागणार नाही.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. कोर्स झालाय, पण एक कन्सल्टन्सी पैसे घेऊन दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र देते म्हणते. घेऊ का? (कोथरूड)

उत्तर : अजिबात नको. अनेक कंपन्या रुजू करून घेताना यूएएनवरून (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावरून) पीएफची नोंद तपासतात. तिथे कोणत्या मालकाकडे कधीपासून कधीपर्यंत होतात, हे तारखांसह दिसतं. शाळेत तुमचा पीएफ कापला जात असेल, तर त्याच दोन वर्षांत तिथे शाळेचं नाव निघेल. पीएफ नसला तरी पडताळणी करणारे पत्रावरच्या कंपनीला थेट विचारतात. सहा महिन्यांनी पकडलं गेलं तरी नोकरी जाते. त्याऐवजी शाळेची वर्षं जशीच्या तशी लिहा आणि खाली केलेल्या कामांच्या लिंक द्या.