निवडणूक निष्पक्ष आणि सुरक्षित म्हणायची तर किमान काय हवंच?

माझ्या मते पहिली कसोटी एकच, हरलेल्या बाजूला निकाल स्वतः तपासता येतो का. नुसतं मशीन सेफ आहे सांगून भागत नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये हेच म्हटलं, की मतदान-मोजणीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला तांत्रिक ज्ञान नसतानाही पडताळता आले पाहिजेत, आणि २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मशीन्स त्यात बसली नाहीत. म्हणून प्रत्येक मताचा कागद हवाच, मतदाराने बघितलेला, आणि निकाल पक्का करण्याआधी त्यातले काही रँडम काढून हाताने तपासायचे, जिंकणाऱ्याची मतांची आघाडी जितकी कमी तितके जास्त कागद, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून असं ऑडिट होतंय.

पेटी सील करताना सगळ्या पक्षांचे एजंट समोर हवेत, सीलचा नंबर प्रत्येकाने आपल्या हाताने लिहून घ्यायचा आणि उघडताना तोच जुळवायचा, दोन मिनिटांचं काम आहे पण कृपा करून कोणी टाळू नका.

गुप्त आणि समान मतदान तर संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातच आहे, कलम २१. आणि हो, मतदार यादी! ती आधीच सगळ्यांना बघायला मिळावी, नाव उडालं असेल तर मतदानाच्या आधी परत घालून घ्यायला पुरेसा वेळ मिळावा.