विक्रम साराभाईंच्या नावाचं विवर पुण्यातून दिसतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चंद्रावर विक्रम साराभाईंच्या नावाचं विवर आहे असं वाचलं, घरी ११४ मिमी व्यासाची, ९०० मिमी नाभीय अंतराची आरशाची दुर्बीण आहे, कोथरूडच्या गच्चीवरून ते दिसेल का, आणि हे नाव इस्रोने दिलं का?

दिसतं. दुर्बीणही पुरेशी आहे. फक्त दिवस नीट निवडायला हवा. बहुतेक जण हौसेने पौर्णिमेला दुर्बीण काढतात आणि नेमकं तेव्हाच हे विवर हाती लागत नाही.

आधी मापं बघू. विवराचा व्यास सुमारे ८ किमी. चंद्राच्या सरासरी अंतरावरून, म्हणजे ३,८४,४०० किमीवरून, ते ४.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढंच दिसतं. ११४ मिमी दुर्बिणीची भेदनक्षमता, म्हणजे वेगळा ओळखता येईल असा सर्वांत बारीक तपशील, एका विकलेच्या आसपास असते, त्यामुळे कागदावर हिशेब बसतो. ६० मिमीच्या दुर्बिणीतही काळा ठिपका म्हणून दिसेल, पण 'खड्डा आहे' असं वाटायला १०० मिमीच्या पुढे जावं लागतं.

आता दिवस. चंद्रावर उजेड आणि अंधार यांची जी सीमारेषा असते, तिच्याजवळ ऊन तिरपं पडतं आणि बारीक खड्डेसुद्धा सावलीने भरून ठळक होतात. विवर आहे २४.७ अंश उत्तर, २१ अंश पूर्व रेखांशावर. तिथे सूर्य उगवतो तेव्हा आपल्याकडून पाहता चंद्र सूर्यापासून साधारण ६९ अंश पुढे गेलेला असतो. एक तिथी म्हणजे १२ अंश, म्हणजे हा क्षण शुद्ध षष्ठी संपता संपता येतो. थोडक्यात, या कामासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. शुद्ध सप्तमीची संध्याकाळ धरा.

दोन गोष्टींनी यात गडबड होते. कॅलेंडरात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. 'सप्तमी' लिहिलेल्या दिवशी संध्याकाळी अष्टमी लागलेली असू शकते, म्हणून तिथी किती वाजता संपते तेही बघा. दुसरं म्हणजे चंद्र डुलतो. त्याचा तोंडवळा पूर्व-पश्चिम ७-८ अंशांपर्यंत सरकतो, त्यामुळे हा हिशेब अर्ध्या-पाऊण तिथीने मागेपुढे होतो. सप्तमीला विवर अंधारातच असलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.

सावली कशी बदलते हे या विवराबाबत छान मोजता येतं. खोली काठापासून सुमारे १.७ किमी आणि भिंतींचा उतार २५ ते ३५ अंश आहे. ८ किमी रुंदीला १.७ किमी खोली म्हणजे सूर्य २३ अंश वर येईपर्यंत तळाच्या मध्यावर ऊन पोचत नाही. त्यामुळे सप्तमीला विवर काळं कुळकुळीत दिसतं आणि पश्चिमेच्या आतल्या भिंतीचा वरचा भाग तेवढा बारीक कोरीसारखा चमकतो. अष्टमी संपताना सावलीची कड साधारण मध्यावर आलेली असते. दशमीला सूर्य ३५ अंशांच्या वर गेलेला असतो, आत सावली राहत नाही, आणि राहतो तो फिकट ठिपका. पौर्णिमेला आजूबाजूच्या चकाकीत तोही हरवतो. सप्तमी ते नवमी रोज एकदा बघून कागदावर गोल काढून सावली रंगवली, तर वर दिलेली खोली खरी की खोटी हे तुमचं तुम्हालाच पडताळता येईल.

आता शोधायचं कसं. विवर मारे सेरेनिटाटिस या गोलसर काळपट मैदानात आहे. सप्तमीला हे मैदान सीमारेषेने कापलेलं असतं, पश्चिमेकडचा भाग अंधारात. मैदानाच्या ईशान्य काठावर पोसिडोनियस हे ९५ किमीचं मोठं, आत भेगा असलेलं विवर आहे. ते चुकूच शकत नाही. मैदानाच्या आत, दक्षिणेच्या बाजूला, १६ किमीचं बेसेल आहे. या सपाटीवरचं सगळ्यांत मोठं तेच. बेसेलपासून पोसिडोनियसकडे मनातल्या मनात सरळ रेघ काढा. त्या रेघेवर, बेसेलपासून पाव अंतराच्या जरा पुढे, जो काळा टिंब दिसतो तो साराभाई.

ही रेघ मुद्दाम सांगतोय, कारण 'बेसेलच्या ईशान्येला' एवढंच सांगितलं तर लोक हमखास चुकतात. तुमच्या आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला असेल तर डाव्याचं उजवं होतं. शिवाय नेटवरचे सगळे नकाशे उत्तर वर धरून काढलेले असतात. पुण्यातून रात्री नऊच्या सुमारास पश्चिमेला कललेल्या चंद्राचं उत्तर टोक उजवीकडे असतं आणि उजळ बाजू खाली. नुसत्या डोळ्यांनी जुळवायचं तर नकाशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पाव फेरा फिरवावा लागतो, आणि दुर्बिणीतून बघताना त्यावर आणखी उलटापालट. बेसेल ते पोसिडोनियस ही रेघ मात्र चित्र कसंही फिरलं तरी रेघच राहते.

चुकीचे उमेदवार दोन आहेत. बेसेलच्या पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे, साडेसहा किमीचं डेसेइनी हे विवर आहे. घाईत पाहणारा यालाच साराभाई समजतो. ते पोसिडोनियसच्या रेघेवर नाही, एवढी एक खूण पुरे. दुसरं फिन्श, साराभाईच्या दक्षिणेला ३०-३५ किमीवर, जेमतेम ४ किमीचं. ते लाव्हाने भरून गेलंय, नुसतं कडं उरलंय. ११४ मिमीत ते दिसलं तर हवा झकास आहे समजा. ही जोडी शेजारी असणं मला फार आवडतं: फिन्श मैदानात लाव्हा पसरायच्या आधीचं, म्हणून बुजलेलं, साराभाई लाव्हा थिजल्यानंतरचं, म्हणून वाटीसारखं जसंच्या तसं. लाव्हा आधी की खड्डा आधी, हे नुसतं पाहून सांगता येतं.

तुमच्याकडे १० मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) असेल तर ९० पट वर्धन मिळेल. शोधायला ते ठीक, पण पाहायला १५० पट हवं, म्हणजे ६ मिमीची नेत्रिका. दुर्बिणीबरोबर फुकट आलेली तीनपट बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) आणि ४ मिमीची प्लॅस्टिकची नेत्रिका डब्यातच राहू द्या. त्यांनी चित्र मोठं होतं आणि पिठासारखं पसरतं. १५० पटीला चंद्र दृश्यातून दीड मिनिटाच्या आत सरकून जातो, म्हणून विवर कडेला आणून ठेवा आणि हात काढून घ्या. हादरे थांबले की मगच बघा. आरशांची जुळणी बिघडलेली असेल तर ४ विकलांचं काहीच धड दिसणार नाही, ती आधी तपासा.

शहराच्या दिव्यांची चिंता सोडा, चंद्राला त्याने काही फरक पडत नाही. खरा शत्रू स्लॅब. दिवसभर तापलेली गच्ची रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत राहते आणि चंद्राची कड उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी हलते. सोसायटीच्या आवारात मातीवर किंवा गवतावर दुर्बीण लावलीत तर फरक लगेच कळेल. ते शक्य नसेल तर निदान पत्र्याच्या छपरांवरून आणि एसीच्या बाहेरच्या युनिटवरून नजर जाणार नाही अशी जागा घ्या. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. खिडकीच्या काचेतून बघणं तर नकोच.

महिना निवडायचा तर माघ ते चैत्र. या दिवसांत शुद्ध सप्तमीचा चंद्र संध्याकाळी पुण्यात जवळजवळ डोक्यावर असतो आणि आभाळही मोकळं. रथसप्तमीची संध्याकाळ अगदी योग्य. आश्विन-कार्तिकात तोच चंद्र दक्षिणेला बराच खाली असतो. पावसाळ्याबद्दल काही बोलायलाच नको.

नावाबद्दल. हे नाव इस्रोने दिलेलं नाही आणि २०२० सालचंही नाही. या विवराला आधी 'बेसेल ए' म्हणत. मोठ्या विवराच्या नावापुढे अक्षर लावून आसपासची छोटी विवरं ओळखायची पद्धत होती. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने, म्हणजे आयएयूने, त्याला साराभाईंचं नाव दिलं. साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला कोवलमला वारले. नाव दिलं त्या सुमारास अपोलो १७ (डिसेंबर १९७२) आणि लुना २१ (जानेवारी १९७३) ही याने या विवराच्या पूर्वेला २५० ते ३०० किमीवर उतरली होती. २०२० ची बातमी वेगळी: साराभाईंच्या जन्मशताब्दी वर्षाच्या अखेरीस चांद्रयान-२ च्या टेरेन मॅपिंग कॅमेऱ्याने काढलेली या विवराची छायाचित्रं इस्रोने प्रसिद्ध केली. खोली आणि उताराचे वर दिलेले आकडे त्यातलेच. समोर, सरळ खाली आणि मागे अशा तीन दिशांनी एकच जागा टिपायची आणि त्यातून उंचसखलपणा काढायचा, असं त्या कॅमेऱ्याचं काम. 'चांद्रयानाने विवर शोधलं' असे मथळे आले होते, ते सोडून द्या. विक्रम लँडरचाही या जागेशी संबंध नाही. चांद्रयान-३ चा विक्रम ६९ अंश दक्षिणेला उतरला.

आयएयूच्या यादीत साराभाई 'खगोलभौतिकशास्त्रज्ञ' आहेत, रॉकेटवाले नव्हेत, आणि ते बरोबरच आहे. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी विश्वकिरणांचं, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचं, काम सुरू केलं, १९४७ ला केंब्रिजची पीएच.डी. त्याच विषयात मिळवली आणि त्याच वर्षी अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी केली. विश्वकिरणांची तीव्रता दिवसाच्या वेळेनुसार किंचित बदलते. तो बदल इतका कमी की महिनोन्‌महिने गायगर नळ्यांवर (असे कण मोजणारी उपकरणं) मोजणी करावी लागते. त्या बदलावरून सूर्य आणि ग्रहांमधली पोकळी यांबद्दल काय कळतं, हा त्यांचा विषय. केरळातलं थुंबा हे रॉकेट-तळ (पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३) आणि इस्रो (१९६९) ही त्याच्या पुढची पायरी. थुंबाची निवडही चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं म्हणून झाली होती.

विवर एवढं लहान का, असं मनात आलं असेल तर: भाभांचं विवर ६० किमीच्या पुढचं आणि जगदीशचंद्र बोसांचं ९१ किमीचं आहे, पण दोन्ही चंद्राच्या पलीकडच्या बाजूला. पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून ती दिसत नाहीत. रामन यांचं विवर आपल्या बाजूला आहे, पण पश्चिमेकडे, त्याला शुद्ध त्रयोदशीपर्यंत थांबावं लागतं.

शुद्ध पक्षात ढग आडवे आले तर वद्य पंचमीला रात्री उशिरा उठून बघा. तेव्हा तिथे मावळतीचं ऊन असतं, सावली पश्चिमेच्या काठावरून आत पडते आणि उजळते ती पूर्वेची भिंत. मध्यरात्रीनंतर स्लॅबही निवलेला असतो, त्यामुळे चित्र बहुधा संध्याकाळपेक्षा स्थिर मिळतं.