पहिला मेटल डिटेक्टर मिळालाय, पण परसात पावलापावलावर वाजतो. सुरुवात कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की लेस्टरमध्ये राहता, पत्नीने वाढदिवसाला नोक्टाचा सिम्प्लेक्स दिलाय, घरामागच्या बागेत तो सारखा वाजतोय, आणि तो बिघडलाय की काय अशी शंका येतेय. मी याच भागात बरीच वर्षं हा छंद करतोय. मशीन ठणठणीत आहे, जागा चुकीची आहे. इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या परसात शंभर वर्षांचे खिळे, तारा, चांदीचा कागद (म्हणजे ॲल्युमिनियम फॉइल) आणि कोळशाची राख पुरलेली असते. शिवाय घरातल्या विजेच्या तारा आणि वायफाय यांनीही मशीन गोंधळतं. सेन्सिटिव्हिटी दोन-तीन पायऱ्या खाली आणा, मोबाइल घरात ठेवा आणि पायात काय आहे तेही बघा. बांधकामावर घालतात तसे पुढे लोखंडी टोपी असलेले बूट असतील, तर तुम्ही स्वतःचे पायच शोधत फिराल. हे हसण्यावारी नेऊ नका. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं असलंच यंत्र घेऊन गेले होते, आणि गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्यांनाही चकवलं.

खणायची घाई नको. आधी कान तयार करा. गवताचा एखादा शांत तुकडा शोधा, त्यावर एक खिळा, चांदीचा कागद, कोकच्या कॅनची कडी, सोन्याची अंगठी (पत्नीला विचारून) आणि काही नाणी हातभर अंतरावर मांडा आणि कॉइल (दांड्याच्या टोकाची चपटी थाळी) सावकाश फिरवत प्रत्येकाचा आवाज व स्क्रीनवरचा आकडा ऐका-बघा. नाणी मात्र निवडून घ्या. 1992 पासूनचे एक आणि दोन पेन्सचे तुकडे आतून पोलादाचे असून वरून फक्त तांब्याचा मुलामा आहे. त्यांच्यावर सराव केलात तर तांबं कसं वाजतं याचा भलताच समज होईल. घरातलं लोहचुंबक लावून पाहा, चिकटलं तर ते नाणं बाजूला ठेवा. आपला स्टेनलेस स्टीलचा रुपयाही यासाठी कामाचा नाही.

आता अंगठी आणि कॅनची कडी यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. बहुतेक वेळा ते इतके जवळ येतात की फरक करता येत नाही. कॉइलमधून निघणारं बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूमध्ये भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतं. ते किती जोरात आणि किती उशिराने परत जाणवतात यावरून मशीन 0 ते 99 मधला आकडा ठरवतं. म्हणजे त्याला सोनं कळत नाही. वस्तू किती वीजवाहक आहे, केवढी आहे आणि कशी पडली आहे यांची एकत्रित गोळाबेरीज तेवढी कळते. लोखंड खाली, चांदी आणि जाड तांबं वर, आणि मधल्या भागात सोन्याची अंगठी, ॲल्युमिनियमची कडी, चांदीचा कागद, शिशाची बंदुकीची गोळी अशी सगळी गर्दी. त्यामुळे ‘कड्या नकोत’ म्हणून मशीनवर मधल्या आकड्यांचा आवाज बंद करणाऱ्याने सोनंही बंद केलेलं असतं. नवखे लोक पहिल्याच दिवशी हे करतात आणि वर्षभर मशीनला दोष देत बसतात. माझं मत विचाराल तर पहिल्या हंगामात फक्त अगदी खालचं लोखंड गप्प करा, बाकी सगळं खणा. कड्यांनी पिशवी भरेल, भरू द्या.

लोखंडाचीही एक खोड आहे. मोठा किंवा वाकडा तुकडा कधीकधी चांदीसारखा उंच आवाज देतो. अशा वेळी त्याच जागेवर काटकोनात वळून पुन्हा फिरवा. दोन्हीकडून गोल, सारखा आवाज आला तर खणा. एका बाजूने आला आणि दुसऱ्या बाजूने तुटला, तर बहुधा लोखंडच. कॉइल जमिनीला जवळजवळ घासून, सपाट ठेवा. अंगण सारवताना हात जसा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवून फिरवतात, तसा प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा चढायला हवा. टोकाला नेताना कॉइल वर उचलायची सवय सगळ्यांना लागते आणि तिथेच खोलवरची वस्तू हुकते.

सामानावर फार खर्च करू नका. एक पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र), हेडफोन, एक दणकट छोटं फावडं, बस. महागड्या मशीनचा मोह पुढच्या वर्षी.

पैशांपेक्षा अवघड गोष्ट आहे जमीन. इथे प्रत्येक इंच कोणाचा तरी आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय शोधणं गुन्हा ठरू शकतं. लेस्टरची उद्यानं नगरपालिकेची असल्याने ‘सगळ्यांचीच’ वाटतात, तरी आधी विचारावं लागतं, आणि उत्तर बहुधा नाहीच असतं. नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेच्या जागेवर परवानगी मिळत नाही. संरक्षित पुरातत्त्वस्थळावर लेखी संमतीशिवाय नुसता डिटेक्टर वापरणंही 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. गावाबाहेरच्या एखाद्या हिरव्या उंचवट्याखाली असं स्थळ असू शकतं. म्हणून निघण्यापूर्वी हिस्टॉरिक इंग्लंड या वारसास्थळं बघणाऱ्या सरकारी संस्थेचा ऑनलाइन नकाशा बघाच.

राहिले शेतकरी. अनोळखी शेतकऱ्याच्या दारात उभं राहायचा संकोच आपल्या लोकांना जरा जास्तच वाटतो, मलाही वाटायचा. म्हणून आधी एखाद्या स्थानिक क्लबात जा. त्यांच्याकडे जमिनी ठरलेल्या असतात, काही पौंड भरून रविवारी सगळ्यांबरोबर शोधता येतं, आणि शेजारचा म्हातारा तुमचा आवाज ऐकूनच ‘बटन’ म्हणेल, तेही फुकटात. नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घेतलंत तर विमा मिळतो आणि शेतकऱ्याला दाखवायला एक कागद होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी झाली की धसकटांच्या रानात पुढची पेरणी होईपर्यंतच जायला मिळतं, तेव्हा विचारणा उन्हाळ्यातच करून ठेवा. सापडलेल्या गोष्टींची वाटणी कशी करायची हे सुरुवातीलाच लिहून घ्या. अर्धं-अर्धं ही इथली रीत आहे. कुरणात खणताना तीन बाजूंनी कापून गवताची चकती उलटवा, काम झालं की परत बसवून पायाने दाबा. उघडा खड्डा राहिला आणि मेंढीचा पाय मुरगळला, तर ती जमीन तुमच्याबरोबर क्लबचीही जाते. सापडलेला कचरा खिशात. दारूगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे व्हा आणि 999 लावा.

कायद्यात मुख्य आहे तो 1996 चा ट्रेझर ॲक्ट. 300 वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा एकाच ठिकाणची अशी दोन किंवा जास्त नाणी ‘ट्रेझर’ ठरतात. 14 दिवसांच्या आत कॉरोनरला (अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. प्रत्यक्षात तुम्ही जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता आणि पुढचं ते बघतात. सुटं नाणं ट्रेझर नसतं, पण तेही दाखवा, नोंद होते. संग्रहालयाने वस्तू घेतली तर मोबदला मिळतो. 2015 मध्ये हेरफर्डशायरात दोघांनी व्हायकिंग काळातला ठेवा लपवून परस्पर विकायला काढला. अंदाजे 300 नाण्यांपैकी तेव्हा 31 च परत मिळाली आणि 2019 मध्ये दोघे तुरुंगात गेले. त्यातल्या काही नाण्यांवर दोन राजे शेजारी बसलेले होते. त्यातून वेसेक्स आणि मर्सिया या इंग्लंडमधल्या तेव्हाच्या राज्यांचं नातं नव्याने लिहावं लागलं, आणि बरीचशी नाणी अजूनही कुठे आहेत ते माहीत नाही.

याच्या उलट आपल्याच काउंटीतलं हॅलटन गाव. 2000 साली तिथल्या स्थानिक गटाबरोबर शेतं चालत तपासणाऱ्या एका हौशी माणसाला डिटेक्टरवर नाणी लागली. त्याने खणत सुटण्याऐवजी कळवलं. पुरातत्त्वज्ञ आले, तेव्हा लोहयुगातलं उघड्यावरचं पूजास्थान, 5,000 हून अधिक नाणी आणि रोमन घोडेस्वाराचं शिरस्त्राण निघालं. त्यातलं एक रोमन नाणं इ.स.पू. 211 चं आहे. मार्केट हार्बरोच्या संग्रहालयात हे सगळं मांडलंय, लेस्टरहून गाडीने फार लांब नाही. नांगराच्या थराखाली काही दाट सापडू लागलं तर थांबायचं, ते कशासाठी, ते तिथे डोळ्यांना दिसतं.

आणि कृपा करून नाणी घासू नका. चिंच-मीठ, लिंबू, पितांबरी यातलं काही नको. शेतात अंगठ्याने माती चोळली तरी हजार वर्षांची पापुद्र्याएवढी चांदी ओरखडते. घरी नेऊन साध्या पाण्यात माती सैल करा, तेही फक्त चांदीचं असेल तर. ब्राँझ कोरडंच राहू द्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की सुट्टीत साताऱ्याला नेऊन किल्ल्यांवर फिरवू का. नको. संरक्षित गड आणि त्यांच्या आसपासची जमीन खणणं हा सरळ गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात कुणाचं पडलेलं डोरलं शोधायचं असेल तर खुशाल वापरा. पण जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. कायदा 1878 चा आहे आणि दहा रुपयांचा आकडाही तेव्हाचाच आहे.